डा. पु.

दिल्लीतले मिस्त्री ज्याला 'डोअर पॅड' म्हणतात ती गाडीच्या दाराची आतली बाजू. काच वरखाली करायचा हँडल, कोपर टेकायची उशी, दार उघडायचा खटका, हे सगळं जिच्यातून बाहेर येतं ती रेक्झिनची भिंत. रेक्झिनच्या मागे जेमतेम तीन मिलिमीटर जाडीची हार्डबोर्डची पाटी असते. तिला मिस्त्री नुसतं 'गत्ता' म्हणतात, आणि त्या उच्चारातच तिची किंमत कळते. इंजिनाबद्दल बोलताना आवाजात आदर असतो, चेसिसबद्दल काळजी, रंगाबद्दल तर चक्क प्रेम. गत्ता काय, गत्ता.

२०२३ च्या पावसाळ्यात आमच्या गाडीचे चारही गत्ते वाकलेले होते. मागचे दोन थोडेच. पुढचा उजवा पोट आत ओढून उभ्या राहिलेल्या माणसासारखा. पुढचा डावा मात्र खालच्या कडेने दारापासून चार बोटं सुटून आत आला होता. त्या बाजूने बसताना ओढणी हमखास त्या फटीत अडके आणि सोडवताना रेक्झिनमागून भुशासारखं काहीतरी पायांवर पडे.

गाडी १९७३ ची. लोक तिला फियाट म्हणतात, आम्हीही म्हणतो, पण तिच्या कागदांवर फियाट नाही. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाटच्या परवान्यावर गाड्या बनवायची. १९६४ पासून तिथे '११०० डिलाइट' निघू लागली. सत्तरीच्या सुरुवातीला फियाटचं नाव गळालं, गाडी 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाली, आणि १९७४ पासून 'पद्मिनी'. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्स्यांमुळे पद्मिनी अजरामर झाली. प्रेसिडेंट मधल्यामध्ये राहिली. आमची ती मधली. आप्पांनी ती मुंबईत घेतली, त्या काळच्या रीतीप्रमाणे नंबर लावून, वाट पाहून. १९७६ साली बदली झाली तेव्हा ते तीच चालवत दिल्लीला आले. डिकीत आईचा पाटा-वरवंटा होता. दगडी पाट्याने मागच्या स्प्रिंगा बसतील म्हणून इंदूरपर्यंत वाद चालला, असं आई सांगायची. आधी आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर, मग १९८० च्या दशकाच्या शेवटी यमुनेपलीकडे मयूर विहार फेज वनला हा फ्लॅट. गाडी खाली, आम्ही पहिल्या मजल्यावर.

दिल्लीत जुन्या गाडीचं काय होतं ते इथल्या लोकांना सांगायला नको. राष्ट्रीय हरित लवादाने २०१४ मध्ये पंधरा वर्षांवरच्या गाड्यांना रस्ता बंद केला. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या ऑक्टोबरात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवरची बंदी उचलून धरली. तेव्हापासून आमची गाडी सोसायटीच्या भिंतीलगत ताडपत्रीखाली उभी. सोसायटीच्या कमिटीच्या चिठ्ठ्या आल्या: 'निरुपयोगी वाहन हटवावे.' त्यांचंही चूक नव्हतं. पार्किंगच्या जागेवरून इथे सख्खे भाऊ बोलेनासे होतात. मायापुरीचा भंगारबाजार तासाभराच्या अंतरावर, आणि न्यायला येणारे फोन करायच्या आत हजर.

मग २०२१ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने विंटेज गाड्यांसाठी वेगळा नियम केला. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली, मूळ रूपात राखलेली, चेसिस, सांगाडा किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेली गाडी 'विंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, फेरनोंदणीला पाच हजार. मुदत दहा वर्षं. रोजच्या वापराला ती रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच. आप्पांनी वर्तमानपत्रातलं ते कात्रण भिंगाखाली वाचलं आणि बोटांवर मोजलं: १९७३, म्हणजे २०२३. त्यांना तेव्हा सत्याऐंशी पुरी व्हायची होती. गाडी त्यांच्या नावावर, म्हणजे अर्जावर सही त्यांची हवी, आणि त्यांचा उजवा हात दोन वर्षांपासून कापायला लागला होता. घरात हे कोणी मोठ्याने बोललं नाही.

त्यांनी एकच अट घातली. "आत बसल्यावर लाज वाटता कामा नये. ते साधत नसेल तर मायापुरीला पाठव, मी सही करतो. तीही सहीच."

इंजिन मी गेल्या हिवाळ्यातच सुरू करून घेतलं होतं. राहिले होते गत्ते.

लाकडाचे बारीक तुकडे वाफेच्या दाबाखाली फोडून त्यांचे तंतू करायचे आणि ते तापलेल्या दाबयंत्रात चेपून पाटी बनवायची, ही युक्ती विल्यम मेसन नावाच्या अमेरिकन माणसाने १९२४ च्या सुमारास मिसिसिपीतल्या लॉरेल गावी शोधली. लाकडातला नैसर्गिक डिंकच तंतूंना धरून ठेवतो. दाबताना पाणी निघून जावं म्हणून खाली तारेची जाळी असते, म्हणून हार्डबोर्ड एका बाजूने गुळगुळीत आणि दुसरीकडून जाळीच्या ठशांचा असतो. स्वस्त, हलका, हवा तसा कापता येणारा. जगभरच्या गाड्यांच्या दारांत तो अनेक दशकं बसला. शेजारचे मल्याळी काका कण्णूरचे. त्यांच्या गावाजवळ वळपट्टणमला हार्डबोर्डाचा जुना कारखाना आहे, त्यामुळे त्यांना या विषयात अधिकार. त्यांनी जिन्यातच निकाल दिला: "पानी का दुश्मन. और कुछ नहीं."

पण नुसत्या पाण्याने पाटी फुगेल, वाकेल कशाला? हे मला पॅड उघडल्यावर कळलं. दाराच्या वरच्या फटीतून, काचेच्या कडेने, पाणी आत शिरतंच. कारखान्याला ते माहीत असतं. म्हणून दाराच्या तळाला भोकं असतात, पाणी आतल्या पत्र्यावरून ओघळून तिथून जातं, आणि गत्त्याच्या मागे डांबरी कागद किंवा प्लॅस्टिकचा पडदा चिकटवलेला असतो. आमच्या दारात तो पडदा नव्हता. कधीतरी काचेचं यंत्र दुरुस्त करताना कुठल्याशा गॅरेजात तो फाडला गेला आणि परत लावायचं कोणाला सुचलं नाही. तळाची भोकं मातीने बुजली होती. म्हणजे गत्त्याची पुढची बाजू रेक्झिनने बंद, मागची उघडी आणि ओलीच्या पोकळीकडे तोंड करून. मागचे तंतू ओल पिऊन लांबतात, पुढचे आहेत तेवढेच राहतात, आणि कडा आतल्या बाजूला वळतात. उन्हात घातलेला पापड एका बाजूने आधी सुकला की कडा उचलतो, तसंच.

त्यात भर रेक्झिनची. जुनं रेक्झिन म्हणजे कापडावर चढवलेलं प्लॅस्टिक. त्याला मऊ ठेवणारा तेलकट अंश वर्षानुवर्षं उन्हात उडून जातो, मग ते कडक होतं आणि आकसतं. गाडीच्या काचांना धुक्यासारखा चिकट थर येतो तो त्यातलाच. आकसणारं रेक्झिन पाटीला पुढून ओढतं, ओल मागून ढकलते. दोघींचा रोख एकच. मुंबईत हवा बारा महिने दमट, तिथे पाटी सदाच थोडी फुगलेली, पण निदान एकाच अवस्थेत. दिल्लीत मे महिन्यात हवा भट्टीची आणि जुलैत अंगाला चिकटणारी. हा हेलकावा सत्तेचाळीस वर्षं.

आणि २०२३ चा जुलै तर वेगळाच होता. आठ आणि नऊ तारखेच्या चोवीस तासांत सफदरजंगला १५३ मिलिमीटर पाऊस पडला. जुलैतल्या एका दिवसाचा एवढा पाऊस १९८२ नंतर झाला नव्हता. ताडपत्रीचा डावा कोपरा वाऱ्याने उडाला आणि डावी बाजू रात्रभर भिजली. ओढणी अडकण्यापुरता वाकलेला गत्ता त्या आठवड्यात चार बोटं आला. पण त्या आठवड्यात गत्त्याकडे कोणी पाहिलं नाही. तेरा तारखेला जुन्या लोखंडी पुलाशी यमुना २०८.६६ मीटरवर गेली. १९७८ चा २०७.४९ चा उच्चांक मागे पडला. आमच्या घरांपासून नदीपर्यंत मधे पुश्ता, म्हणजे बंधारा, आणि त्यापलीकडे खादर. तिथे भाजीचे वाफे, रोपवाटिका आणि ते पिकवणाऱ्यांच्या झोपड्या. ते सगळं पाण्याखाली गेलं. माणसं, म्हशी, खाटा, सायकली वर रस्त्यावर आल्या आणि उड्डाणपुलाखाली आणि फुटपाथावर ताडपत्र्या बांधून राहिल्या. आम्ही बाजारात जाताना त्यांच्या चुलींमधून वाट काढत जायचो.

त्रिलोकपुरीतल्या सीट कव्हरवाल्या उस्तादांकडे काम करणारा पोरगा त्याच खादरातला. म्हणून आमचं काम ऑगस्टवर गेलं.

उस्ताद सत्तरीचे, तोंडात पान, बोलणं कमी. त्यांनी हँडलच्या मागची चकती दाबून छोटी पिन बाहेर ढकलली, हँडल काढला, उशीचे स्क्रू काढले, आणि कापड गुंडाळलेली बोथट पट्टी कडेखाली घालून एकेक क्लिप पत्र्यातून उपटली. क्लिपा इतक्या गंजल्या होत्या की निम्म्या हातात तुटल्या. काही ठिकाणी क्लिप पत्र्यातच राहिली आणि गत्त्याचं भोक फाटून आलं. चारही पॅड आमच्या मागच्या गॅलरीत पालथे घातले. तपकिरी, जाळीच्या ठशांच्या पाठी. प्रत्येकीवर निळ्या मेणखडूने काहीतरी लिहिलेलं होतं.

उस्तादांनी ते माझ्याआधी वाचलं. सगळ्यांत वाकलेली पाटी उचलून म्हणाले, "ये दायाँ है. आगे का." आणि उजव्या दाराशी नेऊन लावून पाहू लागले. भोकं जुळेनात. हँडलचं भोक मागच्या अंगाला असायचं ते पुढे. त्यांनी पाटी फिरवली, पुन्हा धरली, मग चिडून पाठ पाहिली. "लिखने वाले ने भी गलत लिखा है. ये देखिए दीदी. द का ड कर दिया."

पाटीवर लिहिलं होतं: डा. पु.

डावा, पुढचा. दुसऱ्यांवर उ. पु., डा. मा., उ. मा. अक्षर घाईचं, 'डा'चा काना शिरोरेषेच्या वर गेलेला. मी उस्तादांना सांगितलं की मराठीत डावा म्हणजे बायाँ. त्यांनी पान एका गालातून दुसऱ्यात घेतलं. "यानी आपके यहाँ दायाँ बायाँ होता है." मग बराच वेळ हसले. हसत हसत पोराला बोलावून त्यालाही दाखवलं.

मला मात्र पाटी खाली ठेववेना. दिल्लीत ही गाडी ज्या ज्या हातांत गेली, त्यांतला कोणी 'डावा' म्हणत नाही. मुंबईतल्या तीन वर्षांत पॅड उघडल्याचं आप्पांना आठवत नाही, आणि नव्या गाडीचे पॅड कशाला उघडतील? कुर्ल्यात जुळणीच्या रांगेत उभ्या असलेल्या कुणीतरी, हा गठ्ठा या बाजूचा, तो त्या बाजूचा, हे चुकू नये म्हणून लिहिलं असणार. गाडीच्या इतर प्रत्येक भागावर इंग्रजी: मीटरवर, बॅटरीवर, चेसिसच्या पट्टीवर. दिसणाऱ्या सगळ्या ठिकाणी इंग्रजी आणि जिथे कोणी बघणार नाही तिथे मराठी. कारखाना आता नाही. त्या जमिनीवर कोहिनूर सिटीच्या इमारती आहेत.

"हा गळून गेलाय," उस्ताद म्हणाले, अर्थात हिंदीत. डा. पु.ची खालची वीतभर पट्टी फुगून दुप्पट जाड झाली होती, बोटाने दाबली की पानं पानं सुटत होती. कीर्ती नगरहून नवा हार्डबोर्ड आणायचा, जुना वर ठेवून पेन्सिल फिरवायची, कापायचा. अर्ध्या तासाचं काम, नवं रेक्झिन धरूनही खर्च फार नाही. आणि जाताजाता त्यांनी हिऱ्याच्या शिवणीचं, आत फोम भरलेलं रेक्झिन दाखवलं, हल्ली सगळे तेच घालतात. खरंच घालतात. स्टेट्समनच्या विंटेज रॅलीला, जी १९६४ पासून भरते, मी लहानपणापासून जाते. अलीकडे तिथे काही गाड्या अशा दिसतात की बाहेरून आजोबा आणि आतून लग्नाचा हॉल. मला ते सहन होत नाही. ही माझी आवड झाली, नियम नव्हे. सरकारी नियमाला गत्त्याशी देणंघेणं नाही, चेसिस, सांगाडा आणि इंजिनाशी आहे.

आप्पांना विचारलं. त्यांनी पाटी मांडीवर घेऊन डा. पु. वाचलं, अंगठ्याने अक्षरावरून हात फिरवला आणि परत दिली. "पुठ्ठा तो पुठ्ठाच. गाडी माणसांना न्यायला असते, पुठ्ठे जपायला नाही." मग थोड्या वेळाने, पेपरमधून डोकं न काढता: "किती वेळ लागेल?"

मी म्हटलं, दिवाळीपर्यंत.

"मी कुठे चाललोय."

तेव्हा ठरलं. तीन पाट्या सरळ करायच्या, डा. पु.ची सडलेली पट्टी कापून तेवढीच नवी जोडायची.

वाकलेला हार्डबोर्ड सरळ करण्याची रीत त्याच्या वाकण्याच्या कारणातच आहे. जी बाजू आखूड पडली तिला लांबवायचं. आत वळलेली बाजू रेक्झिनखालची, म्हणून रेक्झिन आधी सोडवावं लागतं: केस वाळवायच्या यंत्राने कड कोमट करायची, मागे दुमडलेला भाग हळू उचलायचा, जुना गोंद खरवडायचा. घाई केली की जुनं रेक्झिन कागदासारखं फाटतं. मग गुळगुळीत बाजूवर ओल्या फडक्याने हात फिरवायचा, भिजवायचं नाही, नुसतं दमट करायचं. आणि सपाट फळीवर प्लॅस्टिक घालून त्यावर दाबून ठेवायचं. नुसतं सपाट दाबून भागत नाही. वजन उचललं की पाटी निम्मी परत येते. म्हणून मधोमध खाली पातळ पट्टी सरकवून तिला किंचित उलटी वाकवून ठेवायची, म्हणजे सुटल्यावर ती सपाटावर येऊन थांबते.

उस्ताद म्हणाले की दोन दिवस छतावर उन्हात ठेवली की काम होईल. तेव्हा पोरगा पहिल्यांदा बोलला. खादरात पाणी उतरल्यावर सगळ्यांनी दारं, तख्त, पेट्यांची झाकणं बाहेर काढली होती. ज्यांनी उन्हात उभी केली त्यांच्या फळ्या पिळल्या, प्लायच्या पापुद्र्या सुटल्या. त्याच्या आजीने घरचं प्लायचं दार सावलीत आडवं घालून वर विटा रचल्या आणि रोज संध्याकाळी पलटवलं. ते दार आता बसतं. "काफी दिन लगे," तो म्हणाला. उस्तादांनी त्याच्याकडे जरा बघितलं आणि विटा आणायला पाठवलं.

विटा आल्या. वर आईचा पाटा ठेवला. पुरणाची डाळ वाटलेला तो दगड सपाट आणि चांगला जड. त्याच्याइतकं सोयीचं वजन बाजारात मिळालं नसतं. रोज संध्याकाळी मी पाट्या पलटवायचे, मधली पट्टी सरकवायचे, पाटा परत चढवायचे. आप्पा खुर्ची गॅलरीच्या दारात ओढून बसायचे आणि डाव्या हाताने सूचना द्यायचे. कधी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडांवर सही करत बसायचे. १९७३ च्या कागदावरची सही लांब, शेवटी झोकदार शेपूट असलेली. कडांवरच्या सह्या आधी भूकंपाच्या आलेखासारख्या होत्या. सप्टेंबरात त्यांनी हात टेबलावर टेकवून, फक्त मनगट हलवून लिहायचं ठरवलं, तेव्हा शेपूट सोडून बाकी जमू लागली. मी त्या कडा बघते हे त्यांना माहीत होतं, पण आम्ही दोघेही पाट्यांबद्दलच बोलायचो.

डा. पु.चा सांधा उस्तादांचा. सडलेला भाग सरळ रेषेत कापला. जुन्या पाटीची आणि नव्या पट्टीची कड रंध्याने तिरकी उतरवली, म्हणजे एकावर एक बसून जाडी वाढत नाही आणि गोंदाला रुंद जागा मिळते. पांढरा फेव्हिकॉल लावून दोन फळ्यांमध्ये रात्रभर आवळलं. मागून धुतलेल्या मांजरपाटाची पट्टी फेव्हिकॉलमध्ये भिजवून सांध्यावर चिकटवली, पलिस्तरासारखी. फाटलेल्या भोकांनाही तसेच कापडाचे गोल देऊन, वाळल्यावर नवी भोकं पाडली. पट्टी सांध्यावर येताना अक्षरांच्या बोटभर खाली थांबली. उस्तादांनी मुद्दामच मोजून थांबवली होती. बोलले काही नाहीत.

मग तेल. इथे सगळे घाई करतात असं मी पाहिलंय. पाटी आतून दमट असताना वरून तेल किंवा वार्निश लावलं तर ओल आतच कोंडली जाते. म्हणून पावसाळा संपेपर्यंत हात लावायचा नाही. मग हवा कोरडी झाली, पाट्या हातात हलक्या लागू लागल्या, तेव्हा जवसाचं उकळलेलं तेल आणलं. इथे अलसी म्हणायचं, जवस म्हटलं तर दुकानदार तोंडाकडे बघतो. थोडं टर्पेंटाइन मिसळून दोन्ही बाजूंना, आणि कडांना तिप्पट, कारण कडा सगळ्यांत जास्त पितात. दोन्ही बाजूंना सारखंच लावायचं. पुढे रेक्झिन येणार म्हणून पुढची बाजू कोरडी ठेवायची, हा मोह होतो, आणि मग पुन्हा तोच खेळ सुरू. एक सांगून ठेवते: या तेलाची फडकी चुरगाळून टाकू नयेत. तेल वाळताना तापतं आणि गोळा केलेली फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. ती दोरीवर पसरून वाळवायची. आमच्या गॅलरीत पंधरा दिवस कण्णूरच्या काकांच्या नाकाला झोंबणारा वास होता. ते तक्रार करायला आले आणि तासभर बसून गेले.

रेक्झिन वाचलं, पण पुरतं नाही. वरचा फिकट भाग कोमट करून ताणला तेव्हा कडेपर्यंत पोचला. खालची गडद पट्टी बोटभर तोकडी पडली, ती नवीन घातली. करोल बागेत त्या रंगाच्या जवळचा रंग मिळाला. तोच मिळाला असं म्हणणार नाही, दिवसाउजेडी फरक दिसतो. क्लिपा काश्मिरी गेटहून. गाडीचं नाव सांगितलं तर दुकानदार म्हणाला, पद्मिनीच्या लागतील, आणि लागल्या. दाराच्या तळाची भोकं सायकलच्या आरीने मोकळी केली. डावीकडून ओंजळभर माती निघाली. काचेच्या फटीची नमद्याची पट्टी बदलली. मागे जाड प्लॅस्टिकचा पडदा, चारी बाजूंनी चिकटपट्टी, खालची कड दाराच्या आत सोडलेली, म्हणजे पाणी पडद्यावरून पोकळीतच परत जातं. कारखान्यातल्या माणसाने पहिल्यांदा केलं होतं तेच सगळं.

बसवायच्या आधी उस्तादांनी डा. पु. पालथी घातली, पोराकडून खडू घेतला आणि जुन्या अक्षरांखाली हिंदीत लिहिलं: बायाँ, आगे. "अगला मिस्त्री परेशान न हो." उरलेला हार्डबोर्ड पोरगा मागून घेऊन गेला. त्याच्या बहिणीला शाळेत लिहायला फळी हवी होती. तेलही उरलं होतं, तेही त्याने नेलं, आणि जाताना दोन्ही बाजूंना लावायचं ना, असं विचारून घेतलं.

ते ऑक्टोबरचे शेवटचे दिवस. त्याच आठवड्यात मुंबईहून बातमी आली: २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदवलेल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली, आता काळीपिवळी पद्मिनी मुंबईच्या रस्त्यावर नाही. मावसभावाने फोटो पाठवला. आप्पांनी तो भिंगाखाली धरून टॅक्सीच्या उघड्या दाराच्या आत बघितलं आणि म्हणाले, "यांचे पॅडसुद्धा सुटलेत."

नोव्हेंबरात त्यांना खाली आणलं. ते चालकाच्या जागी बसले नाहीत. डावं दार उघडायला लावून पुढच्या डाव्या सीटवर बसले, आईच्या. दार ओढून घेतलं. या गाडीचं दार ओढावं लागतं, लोटून भागत नाही. खालच्या कडेवरून हात फिरवला, नव्या पट्टीच्या सुरुवातीला बोट थांबलं. काच खाली केली, वर केली. हँडल कापत होता की हात, ते मला बाहेरून कळलं नाही.

"रंग वेगळा आहे," ते म्हणाले.

"हो."

"चालेल."

अर्जावर त्यांनी तिथेच, डॅशबोर्डवर कागद ठेवून सही केली. शेपूट आली नाही. जुनं आरसी पुस्तक, विमा आणि फी जोडून कागद गेले. तपासणीची तारीख यायची आहे. दर रविवारी मी ताडपत्री काढते, चारही दारं तासभर उघडी ठेवते आणि तळाच्या भोकांतून आरी फिरवते. पोरगा कधी मधे येतो आणि डाव्या दाराची खालची कड अंगठ्याने दाबून बघतो.